अप्पांचा डावा हात

नांदेडच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. मन म्हणजे मेंदूचंच काम, आत वेगळा आत्मा वगैरे कुणी बसलेला नाही, हे मुलांना दरवर्षी ठासून सांगते. माझे वडील, अप्पा, यांचं चाकूरला किराणा दुकान. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. माझी मतं त्यांना ठाऊक होती. "तुझ्या डोक्यात देवाला जागा न्हाई, माझ्या दुकानात तरी राहू दे," म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, डावं अंग लुळं पडलं. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. बोलणं शाबूत होतं, पण ते पूजेला बसेनात, आणि पूजा नाही म्हणून जेवेनात. आई पार खचली.

"तुझंच खरं झालं गं," ती मला म्हणाली. "मेंदू गेला, भक्ती गेली."

मला रागच आला. माझ्या मताचा असला विजय मला नको होता. पूजा त्या लुळ्या हातावरच अडली असेल, अशी शंका आली; मी तडक अप्पांकडे गेले आणि त्यांचा डावा हात उचलून समोर धरला.

"हा कुणाचा?"

"तुझ्या आईचा. लई वेळचा पडलाय इथं. घेऊन जा म्हणावं."

"आन् पूजा?"

"दुसऱ्याच्या हातावर माझं लिंग कसं ठेवू?"

हसू आलं आणि डोळेही भरले. भक्ती जागच्या जागी होती, हरवला होता तो हात. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की कधीकधी स्वतःचंच डावं अंग परकं वाटतं, हे मी आईला समजावलं. यात कुणाचं पाप नाही की देवाचा कोप नाही, हेही सांगितलं. ती पहिल्यांदा नीट श्वास घेऊन बसली.

डाव्या बाजूकडे अप्पांचं लक्षच जात नव्हतं. म्हणून मी तो हात ओढून त्यांच्या उजव्या मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने खांद्यापासून भस्म लावायला सांगितलं.

"खांदा कुणाचा?"

"माझा."

"कोपर?"

"माझंच की."

मनगटाशी ते घुटमळले. तळहातावरून बोटं पुन्हापुन्हा फिरवली.

"आपलाच दिसतोय," म्हणाले.

आईने लिंग तळहातावर ठेवलं. हाताला जोर नव्हता, तो कलायला लागला. अप्पांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"तुझं कुठाय?"

"मी घालत न्हाई, अप्पा. ठाऊक हाय तुम्हाला."

"हाव, ठाऊक हाय. म्हंजे तुझा हात मोकळाच हाय. खालून धर."

पूजा होईपर्यंत मी धरून बसले. मग ते जेवले.