वैशाखऱ्याचा ठसा

जपानात एका जुन्या प्रवासी रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रं लाकडात कोरून छापलेली आहेत. त्यांचं एक पुस्तक माझ्या नवऱ्याच्या हाती लागलं आणि आमच्या घरातली शांतता संपली. हे मुरबाडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पुस्तकातली पावसात गवताचे झगे पांघरून चाललेली माणसं दाखवून मला म्हणाले, "ही तर आपली इरलीवाली!" कल्याणहून नाणेघाटाकडे जाणारी आपलीही जुनी वाट आहे, मग तिचे मुक्काम आपण का नाही छापायचे, असं त्यांनी डोक्यात घेतलं.

चित्र काढायचं त्यांनी, कोरायचं त्यांनी. ठोकळ्याला शाई लावून, वर कागद ठेवून पळीच्या पाठीने घासायची हमाली माझी. ठसा फिका उठला की ते चष्म्यावरून बघत "अगं!" एवढंच म्हणायचे, आणि मला असा राग यायचा की पळी तिथेच टाकून उठावं. रायता, मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे चार ठसे भिंतीवर लागले. पाचवं, घाटाखालच्या वैशाखरे गावाचं चित्र पातळ कागदावर काढून झालं आणि ते कोरायच्या आधीच हे गेले.

एकटीसाठी भात टाकायचा, रेडिओ लावायचा, पुन्हा बंद करायचा. भिंतीवर पाचव्या चित्राची जागा रिकामी होती. चार ठशांवर थांबलेलं ते काम मला बघवेना. शेवटी यंदा उन्हाळ्यात मी त्यांच्या कोरायच्या पटाश्या काढल्या.

या कामात चित्र लाकडावर चिकटवतात आणि त्याच्या रेषांवरूनच कोरतात. कोरताना चित्र संपतं, मागे उरतो फक्त ठोकळा. हे मला माहीत होतं, तरी हात धीट केला. तांदळाची खळ शिजवली, शिवणीच्या लाकडाच्या फळीवर कागद चिकटवला आणि रोज दुपारी थोडंथोडं कोरत बसले. दोनदा बोट कापलं. पण त्या दुपारी बऱ्या जायच्या.

पहिला ठसा उचलला आणि उजेडात धरला. नानाचा अंगठा हा डोंगर त्यांनी उजवीकडे काढला होता, तो डावीकडे आला. ठसा आरशासारखा उलटा उठतो, म्हणून कागद पालथा चिकटवायचा असतो. मी सुलटा चिकटवला होता. त्यांच्या हातचं शेवटचं चित्र मी स्वतःच्या हाताने उलटं करून ठेवलं होतं, आणि मूळ कागदाचा आता भुसा झाला होता.

तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. ओला ठसा बघून म्हणाली, "ब्येस झालाय गो. सरांनीच करून ठेवलेला ना?"

"नाही, मी कोरलाय. आणि सगळं उलटं झालंय. डोंगर या बाजूला हवा होता."

तिने जरा मान वाकडी करून बघितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आसू दे गो. कोणाला कळतंय?"

तिने समजूत घालायला म्हटलं होतं. पण ज्यांना कळलं असतं, ते चष्म्यावरून बघत "अगं!" म्हणायला नव्हते. मी विरजणाची वाटी तिच्या हातात दिली, दार लावलं आणि हे गेले तेव्हाही रडले नव्हते इतकी रडले.