रांझीपलीकडचा गायनवृंद आणि माझ्यानंतरचा प्रभाकर

जबलपूरला जायचं ठरलं ते मीनाच्या फोनमुळे. रांझीच्या पुढच्या गावात कारखान्यातल्या मराठी कुटुंबांचा हौशी गायनवृंद आहे. तिथं राहत होतो तेव्हा तो मी सुरू केला. शाळेच्या पुस्तकांतल्या कवितांना चाली लावून. आता मीना तिथली प्रमुख. म्हणाली, "काका, आम्ही पुस्तिका छापून राहिलो. वृंदाचा इतिहास तुम्हीच लिहा, अन् आधी येऊन सांगा."

नागपूरहून सकाळची बस धरा. सिवनीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, रस्ता उत्तम. लखनादौनला चहा घ्या, समोसा घेऊ नका. जबलपूरहून रांझीला वाटून घ्यायचा ऑटो मिळतो, गुडघे मात्र पोटाशी धरावे लागतात. वाटभर मी मनातल्या मनात 'संस्थापक' अशी माझी ओळख करून दिलेली ऐकत होतो.

सभागृहात शिरलो तर भिंतीवर प्रभाकरचा फोटो, ताजा हार. प्रभाकर माझ्यानंतरचा प्रमुख. कारखान्यात फिटर, कवितेशी देणंघेणं नाही. त्याला जाऊन चार वर्षं झाली. गेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? मी करत होतो.

माझा जुना तबलजी वसंता खोव्याची जिलबी घेऊन शेजारी टेकला. "काहून रे, फोटोकडंच पाहून राहिला? तुझा लावायचा तर तुला आधी मरावं लागन, भाऊ."

तालीम सुरू झाली. माझ्या वेळी सोळा जण होते, आता चाळीसेक. माझा नियम होता, ज्याचा सूर हलतो त्यानं मागच्या रांगेत उभं राहून नुसते ओठ हलवायचे. जबलपूरच्या सदर भागातल्या स्पर्धेतली ढाल आणायची तर दुसरा इलाज नव्हता, आणि तीनदा आणलीही. आता ती मागची रांगच सगळ्यांत मोकळ्या गळ्यानं गात होती. चाल माझीच. अंगावर काटा आला, आणि रागही.

"हे बेसूर नाही होत?" मी मीनाला विचारलं.

"होतात ना. प्रभाकरकाका अशांना दर रविवारी अर्धा तास आधी बोलवायचे, एकेकाला पेटीजवळ बसवून. मीही त्यातलीच. तुमच्याकडं सहा वर्षं ओठच हलवले मी, काका." ती हसली. "चलो, कविता तरी पाठ झाल्या."

मला ती त्या रांगेत आठवत नव्हती. तसं सांगायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी भाषण केलं. प्रभाकरचं नाव घेतलं नाही. सभ्य टाळ्या पडल्या; वसंतानं वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे भेडाघाटला संगमरवरी कडे पाहायला निघाले. मी गेलो नाही, तुम्ही जरूर जा.

घरी आलो, पुस्तिकेचा मजकूर पाठवला. मीनाचा निरोप आला, "काका, प्रभाकरकाकांवरचा कागद पाठवायचा राहिला वाटतं."

कागद नव्हताच. चार दिवस लिहीत बसलो. मागच्या रांगेला त्यानं आवाज दिला असं लिहिलं, आणि ती रांग मी केली होती, हेही. त्या कागदावर त्याच्याबद्दल सात ओळी झाल्या, माझ्याबद्दल चार. दोनदा मोजल्या. तशाच पाठवल्या.