मावशी, अंडी आणि माझी जुनी गाडी

घोटीला एका अनोळखी मावशींनी गाडीला हात केला. मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन त्या पंचवटीत लेकीकडे निघाल्या होत्या. खड्डा आला की त्या टोपली वर उचलायच्या आणि गाडी डुलायची थांबली की खाली घ्यायच्या.

"भाऊ, खड्डा एकच व्हता. आपुन तीनदा का उडालो?"

"जुनी आहे, मावशी."

"आन् तुमी चाक फिरवलं की ही आदी इचार करती, मंग वळती."

मलाच भीती वाटून मी अंबडच्या गॅरेजला थांबलो. मिस्त्रीने बॉनेट दाबून सोडलं, पुढची चाकं हलवली. म्हणाला, "शॉकअप गेलेत, स्टिअरिंगचे जॉइंटही ढिले."

मावशी तोवर रिक्षात बसल्या होत्या. माझा पडलेला चेहरा पाहून मायेने म्हणाल्या, "गाडी लय गुणाची हाय, भाऊ. फकस्त चालवू नका."