कारध्याचा पूल आणि कुंदावहिनी

कुंदावहिनींमुळे मी दहावीच्या गणिताच्या पेपरला बसले. हे आधी सांगते, नाहीतर प्रवासाच्या गप्पांत ते मागे राहील. वहिनी म्हणजे भंडाऱ्याकडच्या एका आमदारांच्या पत्नी. शाळा सुटलेल्या बायकांसाठी त्या कारध्याला फुकट वर्ग चालवतात, राहायची सोयही करतात. माझी शाळा सातवीत सुटली. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला असलेल्या मामांनी वर्गाचं कळवलं आणि मी देवगडहून निघाले.

वरठीला उतरले. स्टेशनच्या पाटीवर ‘भंडारा रोड’, पण भंडारा कुठंच दिसेना. स्टीलच्या कारखान्यातून सुटलेल्या मोटारसायकली भराभर पुढून जात होत्या आणि मी पिशवी छातीशी धरून उभी. एक रिक्षावाला म्हणाला, "काहून (का) घाबरून राहिल्या ताई? भंडारा इथून दूर आहे, पण पळून नाही जात."

वैनगंगेच्या एका काठावर भंडारा शहर, दुसऱ्या काठावर कारधा, मध्ये पूल. जेवायला भात आणि बोडीतले (लहान तळ्यातले) मासे, जवसाच्या तेलात. ना खोबरं, ना कोकम. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. शेजारी शेवंताबाई होत्या. घर मासेमारीचं, घरात सून आलेली, तरी दहावीला बसलेल्या.

"समुद्रवाली, आमचा मासा चावते का तुले?"

सगळ्या हसल्या. आठवडाभरात मी तोच रस्सा मागून घेऊ लागले.

वहिनी संध्याकाळी येऊन गणित स्वतः शिकवायच्या. फळ्यावर मी उत्तर लिहायचे आणि लगेच तळहाताने झाकायचे. "चुकलं तर पुसू. फळा आपलाच आहे," म्हणायच्या.

पेपर सुरू झाले आणि लोकसभेची आचारसंहिता लागली; वहिनींचे आमदार साहेब या वेळी खासदारकीला उभे राहणार होते. वर्गाच्या पाटीवरच्या साहेबांच्या नावावर कागद चिकटवला. वहिनी म्हणाल्या, "आता माझी गाडी तुम्हाले पुलापलीकडे सेंटरवर सोडणार नाही. लोक म्हणतील, मतासाठी करून राहिली." आम्ही रिक्षा ठरवली.

गणिताच्या दिवशी रिक्षा आलीच नाही. शेवंताबाईंनी फोन लावला तर रिक्षावाला म्हणाला, "रॅलीत आहो ना बाई!" साहेब उमेदवारी अर्ज भरायला निघणार होते, गावच्या सगळ्या रिक्षा तिकडे. हा पेपर हुकला तर घरचे मला पुन्हा इतक्या लांब पाठवणार नव्हते.

शेवंताबाईंनी सरळ वहिनींनाच फोन केला. "तुमच्या साहेबानं आमची रिक्षा पळवली!"

वहिनींचं घर जवळच. कोरी साडी नेसून त्या चालतच आल्या. अर्ज भरायला निघताना साहेबांना त्याच ओवाळणार होत्या.

"गाडीले मनाई आहे, पायाले नाही. चला."

पुलावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. मध्यावर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. वहिनींनी पदराची पिन काढून तो जोडला आणि वर विचारलं, "वर्तुळाचं क्षेत्रफळ सांग." मी सांगितलं. त्यांचा फोन वाजतच होता. शेवटी उचलला. "त्यांना म्हणा, थांबा. मी आल्याशिवाय निघू नका."

"मुहूर्त टळला न् साहेब पडले म्हणजे?" शेवंताबाईंनी डिवचलं.

"पडले तर पडले. पाच वर्षांनी पुन्हा बसतील. हिले कोण बसू देते?"

सेंटरची शाळा दिसताच त्या कोपऱ्यावर थांबल्या. "मी पुढे नाही येत, फोटो निघतील. पळा." आम्ही आत शिरलो आणि मागे गेट लागलं. मी वळून पाहिलं, तर वहिनी मोकळा पदर सावरत, भरभर पुलाकडे निघाल्या होत्या.

परतीच्या गाडीत हे लिहिते आहे. निकाल यायचाय, धाकधूक आहेच. चपलेत ती पिन अजून आहे, मोची दिसला तरी मी पट्टा शिवून घेतला नाही. वहिनी, पास झाले की मी कारध्याला परत येईन. पुढच्या वर्गात एखादी फळ्यावरचं उत्तर तळहाताने झाकेल, तिला गणित मी शिकवीन. आणि तिची रिक्षा आली नाही, तर तुम्ही निवांत ओवाळा. पूल मी चालेन.