उपाशीपोटी रांगेत

रोह्याच्या एका कंपनीत मी टँकरांच्या रांगा सांभाळतो. कोणता टँकर किती वाजता गेटवर यावा, कुठे भरावा, कधी बाहेर पडावा, हे ठरवायचं. त्यासाठी कंपनीने मला क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगेचं गणित शिकवलं. गणित काही आभाळातून पडलेलं नाही. सगळ्यांना एकाच वेळी बोलावू नका. चुटकीसरशी होणारं काम आणि वेळखाऊ काम एका रांगेत कोंबू नका. आणि काम करणाऱ्याला थोडी उसंत ठेवा, कारण त्याचे हात पुरते भरले की एकेक माणूस वाढतो तशी रांग भलतीच लांबत जाते. आमच्याकडे टँकर ठरल्यापेक्षा जास्त खोळंबला तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. म्हणून टँकर अडकला की मोठे साहेबसुद्धा चहा टाकून धावत येतात.

माणूस खोळंबला तर कोण धावतं? कोणीही नाही. हे मला पेणच्या एका लॅबच्या दारात कळलं, आणि आजही आठवलं की डोकं तापतं.

आई पेणच्या अलीकडे, जिते गावाजवळ माझ्या भावाकडे राहते. मोतीबिंदूने तिचा एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्याने सगळं धूसर. ती तांदूळ निवडून ठेवायची आणि भावजय तिच्यामागे गुपचूप तेच तांदूळ पुन्हा निवडायची. आईला ते कळलं, लागलं, आणि मगच ती ऑपरेशनला तयार झाली. लॅबमध्ये गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन होतं. डॉक्टरांची अट एकच: उपाशीपोटीच्या साखरेचा रिपोर्ट आदल्या दिवशी दुपारच्या आत हातात हवा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाणार. आपली मग दिवाळीनंतर बघू.

लॅबवाल्याने सगळ्यांना सातला बोलावलं होतं. रक्त काढणारा उगवणार साडेनऊनंतर. मग सातला कशाला, असं मी विचारलं तर बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "लायन लागते ना!" म्हणजे रांग लागते म्हणून लवकर यायचं, आणि सगळे लवकर येतात म्हणून रांग लागते. यावर कोणाला हसूही येत नव्हतं.

आमच्या भागात रांगेत माणूस उभा राहत नाही, पिशवी उभी राहते. पिशवी नसेल तर पाण्याची बाटली, तीही नसेल तर चपला. मालक सावलीत बसतो आणि त्याचा नंबर लादीवर शाबूत असतो. दुसऱ्याच्या पिशवीला कोणी हात लावत नाही. ही रीत मला आवडते, कारण म्हाताऱ्या माणसांच्या पायांना तेवढाच आराम. आईचीही कापडी पिशवी पुढून तिसरी होती आणि ती भिंतीला टेकून निर्धास्त बसली होती.

मग लादी पुसायची वेळ झाली. पुसणाऱ्या बाईला लॅबच्या मालकाने सांगितलं होतं, चकाचक पाहिजे. तिने सगळ्या पिशव्या, बाटल्या, चपला उचलून बाकावर टाकल्या, लादी पुसली आणि हाताला येईल तसं सगळं पुन्हा मांडलं. तिला बोल लावून काय उपयोग? पण मग जो गलका झाला! बळी तो कान पिळी. ज्याचा आवाज मोठा त्याची पिशवी पुढे. आईची पार दारापाशी, शेवटच्या टोकाला गेली, आणि तिला ते दिसलंसुद्धा नाही. ती आपली हळूच सांगत होती, "माझा नंबर तिसरा व्हता." ऐकतो कोण?

एव्हाना रक्त काढणारा आला होता. एकच माणूस, एकच खिडकी. तोच पावती फाडणार, तोच रक्त काढणार, तोच तयार रिपोर्ट शोधून देणार आणि मधूनच फोनवर बोलणार. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "जे उपाशी आहेत त्यांना आधी घ्या. रिपोर्ट न्यायला आलेले नाश्ता करून आलेत, ते थांबतील."

"काका, सगळ्यांना सारखा न्याय. लायनीत या."

तेवढ्यात मागच्या दाराने कोणी ओळखीचे आले, आणि त्याचा सारखा न्याय पाणी प्यायला निघून गेला. मी आवाज चढवला. मागून कोणीतरी म्हणालं, "कंपनीवाला हाय, शिकवायला आलाय!" लोक हसले. त्यांच्याच पोटात कावळे कोकलत होते आणि हसत होते माझ्यावर! लोकांच्या या सोसण्याचा मला त्या खिडकीवाल्यापेक्षाही जास्त राग आला.

मी तिकडे भांडत असताना इकडे आईला चक्कर आली. साखरेचं दुखणं जुनं, त्यात रात्रीपासून पोटात काही नाही. शेजारी रिपोर्ट न्यायला आलेली एक मुसलमान बाई बसली होती. तिने आईला सावरलं, पाणी पाजलं आणि पिशवीतून खजूर काढून दिले. "खा गो बाय, माझ्या लेकानं कुवेतवरना धाडलेत." मी धावत आलो तेव्हा आईचा चेहरा जरा माणसात आला होता. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

आमचा नंबर आला तेव्हा बारा वाजत आले होते. खजुरांबद्दल मी गप्प राहिलो असतो. आईला ते जमत नाही.

"आजी, काय खाल्लं नाय ना?"

"चक्कर आली व्हती, म्हून दोन खजूर खाल्ले."

त्याने सुई खाली ठेवली. "मग आज नाय व्हायचं. उद्या या. जरा लवकर या."

लवकर! माझ्या तोंडून शिवी बाहेर पडणार, इतक्यात आईने माझा हात घट्ट धरला. ऑपरेशनची तारीख तर गेलीच होती. खिडकी जिथे असेल असं तिला वाटलं तिकडे तिने तोंड केलं आणि हात जोडले. "चुकलं रं बाबा. खायला नको व्हतं मी."

माझ्या आईने भूक लागल्याची माफी मागितली.

"असू दे, असू दे, आजी," म्हणत त्याने ती दिलीही.