मेलेल्यांच्या बंगल्यात माझा साडू

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात माझ्या साडूइतका संतापी माणूस नसेल, आणि आपला संताप इतक्या भलत्या जागी खर्च करणारा तर नाहीच नाही. लोक भावकीवर चिडतात, सरकारवर चिडतात. हा गृहस्थ लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घावर चिडतो, आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईने वाशीमचं नाव घेतलं नाही की तिला फैलावर घेतो. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता तोवर चिडायला ठेकेदार तरी होते. निवृत्त होऊन किन्हीराजाला आपल्या गावी आला आणि त्याची फार पंचाईत झाली. अशात पुण्याला नोकरी करणाऱ्या त्याच्या लेकीने जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला, आणि त्यात तिच्या लहानपणचा एक भुताटकीचा खेळ निघाला. त्या दिवसापासून माझं सुख संपलं.

खेळ असा की रानात एक मोठा बंगला आहे, त्यात मेलेली माणसं हिंडतात, आणि वाट चुकून आत शिरलेल्या एका नर्सला आणि तिच्या जखमी ड्रायव्हरला तिथून सुटायचं आहे. लोक हा खेळ भिण्यासाठी खेळतात. माझा साडूही भीत असणार, कारण तो भर दुपारी, दारं सताड उघडी टाकून, बायकोला शेजारी तूर निवडायला बसवून खेळतो. पण भ्यालो म्हणेल तर तो साडू कसला! तो चिडतो, आणि चिडला की मला वाशीमला फोन करतो, तोही नेमका मी पानावर बसलो की. "भाऊ, तुमीच सांगा, हा नकाशा पास कोनं केला? सैपाकघर इकडं, जेवाची खोली तिकडं, अन् मधात संडासच नाही! बरं, दर दाराले येगळी चाबी कायले?" नर्सला वळायला वेळ लागतो, त्याचाही जाब मलाच. "बाई हाय का ट्रॉली लावलेलं ट्रॅक्टर?" बंदूक दिली पण गोळ्या मोजून-मापून दिल्या, हा त्याच्या मते उघड भ्रष्टाचार. आणि मेणबत्ती सापडून ती पेटवल्याशिवाय खेळ जिथला तिथे जतन होत नाही, हे कळलं तेव्हा तर तो इतका ओरडला की माझ्या बायकोला स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

एकदा अशीच मेणबत्ती पेटवायच्या बेतात असताना लाइन गेली. हा तडक सबस्टेशनवर. तिथल्या पोऱ्याने अदबीने विचारलं, "काका, वावरात पानी सुरू होतं काय?" "कायचं पानी! बाई अडकली हाय आत, अन् ड्रायव्हर रक्तानं भिजून राह्यला!" एवढं बोलून हा घरी परतला. मागोमाग दोन लाइनमन शिडी घेऊन दारात हजर. माझ्या मेहुणीने दार उघडलं. "बाई कुठं अडकली?" त्यांनी विचारलं. "कोनती बाई?" तिने आधी त्यांच्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यावर या महात्म्याने काय करावं? शरमावं? तो त्यांच्यावरच चिडला. "शिडी कायले आनली? लाइन आना!"

गेल्या महिन्यात मात्र माझाही संयम सुटला. आज याला चार शब्द सुनावायचेच म्हणून मी किन्हीराजा गाठलं. घरात आवाज नव्हता. साडू हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर जिन्याखाली भिंतीला टेकून तो ड्रायव्हर बसलेला, आणि नर्स नुसती त्याच्याजवळ उभी.

"काहून थांबले?" मी विचारलं.

"ती त्या दारातून गेली का हा मरते," तो म्हणाला. "सारं करून पाह्यलं, भाऊ. औषध आधी आनलं, पट्टी बांधली, मांगच्या जिन्यानं गेलो. मरतेच. पोरगी म्हने, बाबा, गोष्टच तशी लिहेल हाय." मग जरासा आवाज चढला. "कोनं लिहेल हाय? विचारलं काय कोनाले?"

पण पुढे त्याला चिडता आलं नाही.

"मंग आता?"

"आता काही नाही. ती इथं उभी हाय तवरोक तो जित्ता हाय."

मेहुणीने चहा आणला. "कालपासून असंच हाय, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "बंदच करू देत नाहीत."

सुनावायचे शब्द मी रस्ताभर जुळवून आणले होते. ते तसेच ठेवून मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. ड्रायव्हरची छाती बारीकशी वरखाली होत होती. साडूने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भाऊ, तुमची नजर चांगली हाय. श्वास घेऊन राह्यला नं तो?"

मी वाकून नीट पाहिलं.

"घेऊन राह्यला," मी म्हणालो. "तुमी चहा घ्या."