शेवटच्या बाईची हाक

भूतखेत, करणी, बाहेरची बाधा, मी यातलं काहीच मानत नाही. सासूबाई दाराला लिंबू-मिरच्या बांधायच्या आणि त्यातलं ताजं लिंबू मी दुपारी सरबताला काढून घ्यायची. कधी काही झालं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय… पण घडलं ते घडलं. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडच्या जुन्या गावात राहतो. गावामागे खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध आहे. एका अंगाला खारफुटी, दुसऱ्या अंगाला पूर्वी भातशेती होती, आता इमारती. बांध अरुंद, दोघी शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत.

माझी मुलगी सायली पोलीस भरतीची तयारी करत होती. दिवसा तिची नोकरी, म्हणून प्रॅक्टिस पहाटेच. ह्यांनी सरळ सांगितलं, "एकटी जायची नाही."

"आई येईल ना सोबत."

"तुझी आई? ती समोरची रिक्षा जाऊ देते, पण धावत नाही!"

खरंच होतं ते. पण मी गेले नाही तर तिचं जाणं बंद, आणि भरतीही बंद. म्हणून पंचेचाळिशीत मी सायलीचे जुने बूट घातले.

पहिले काही दिवस माझे हालच झाले. दोन घरं ओलांडेपर्यंत छाती भात्यासारखी. समोरून कुणी फिरायला आलेलं दिसलं की मी लगेच चालायला लागायची, जशी काही फुलं तोडायला आलेय.

"आई, तू खूप जोरात धावतेस," सायली म्हणाली.

"मी? जोरात?"

"तुझ्या मानाने गं! इतकं हळू धाव, की धावता धावता बोलता आलं पाहिजे."

मग मी गोगलगायीसारखी धावायला लागले आणि काय आश्चर्य, जमायला लागलं. पण सायली पुढे निघून जायची आणि मी दिसत नाही म्हणून घाबरून सारखी मागे वळायची. त्यात तिचा वेळ जायचा. तेव्हा मला माझ्या आईचं आठवलं, माझं माहेरही ह्याच गावातलं. ओहोटीला गावच्या बायका खाडीत शिंपल्या काढायला जायच्या, ह्याच बांधावरून, एकामागे एक. सगळ्यात शेवटची बाई थोड्या-थोड्या वेळाने हाक द्यायची, "हाय गोऽऽ!" म्हणजे मी आहे, कुणी मागे राहिलं नाही. पुढच्यांनी मागे बघायचं नाही. बघितलं की पाय घसरतो.

आम्ही तसंच ठरवलं. मी मागून "हाय गो" म्हणायचं, तिने न वळता पळायचं. घरात मोठ्याने न बोलणारी मी, बांधावर ओरडायला लागले.

एका सकाळी धुकं होतं. सायली वळणापलीकडे गेली आणि माझ्या बरगडीखाली अशी कळ आली, की मी खालीच बसले. हाक द्यायला तोंड उघडलं, आवाजच फुटेना. वाटलं, आता ही थांबणार, परत येणार, आजची प्रॅक्टिस गेली.

ती आली, पण बांधाच्या टोकाला जाऊन. मोबाइल नाचवत.

"आई, टाइम बघ! आजपर्यंतचा बेस्ट! आणि तू कसली भारी धावलीस गं, शेवटपर्यंत माझ्या मागे होतीस, आणि धुक्यात परत कधी फिरलीस तेही कळलं नाही!"

"मी?"

"मग कोण? हाका देत होतीस ना. पण 'गो' किती लांबवत होतीस, गाणं म्हटल्यासारखं."

मी पदराने… म्हणजे ओढणीने तोंड पुसलं आणि घरची वाट धरली. खरं सांगितलं असतं तर ती पुन्हा बांधावर आली नसती. भरती तोंडावर होती.

मला मात्र चैन पडेना. भीती नाही वाटली, खरंच नाही. पण कोण असेल? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तोंड मिटून धावले, कान उघडे ठेवून. वळणाजवळ हाक आली. माझ्या मागून! दमलेली, माझ्यासारखीच सावकाश. इतके दिवस मी समजत होते, शेवटची मीच. मान वळवावीशी फार वाटली, पण नाही वळवली. त्या दिवशी मी पहिल्यांदा न थांबता टोकापर्यंत गेले.

मग सायलीचं ग्राउंड, म्हणजे भरतीची धावण्याची परीक्षा झाली, ठाण्याला. आम्हाला गेटबाहेरच थांबवलेलं. ती बाहेर आली ती धावतच. "आई, काढलं गं!" मी तिला धरून रस्त्यातच रडले.

"मागे वळलीस का?" मी विचारलं.

"छे! वळायचं कशाला? कोण ना कोण असतंच की मागे."

आता मला पहाटे उठायचं कारण नाही. हे म्हणतात, "आता तुझी कुठली भरती?" तरी मी जाते. मध्यंतरी एकदा वळणाजवळ पुन्हा मागून हाक आली, तेव्हा मी थांबले. मागे न बघता खारफुटीच्या बाजूला सरकले आणि वाट मोकळी केली. म्हटलं, बाई, दमली असशील, तू हो पुढे.

कुणी गेलेलं दिसलं नाही. वारा नाही, पावलं नाहीत. चिखलाचा वास आला, तो ओहोटीला येतोच.

त्या दिवसापासून मागून हाक आलेली नाही. कुणाचा आवाज होता, सायलीला तो माझा का वाटला, मला अजून कळलेलं नाही. पण आता शेवटची मीच आहे. त्यामुळे पुढे बांध रिकामा दिसला तरी वळणाजवळ मी हाक देते. चांगली मोठ्याने.